बाईंचा दुसरा फेरा

आमच्या बाईंना काहीही विचारा, पहिलं उत्तर त्या चुकीचं देतात. विसरतात म्हणून नाही आणि गंमत म्हणूनही नाही. त्यांची पद्धतच तशी आहे.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले त्या दिवशी विचारलं, "बाई, पोळ्या किती करू?"

"दहा धर," बाई म्हणाल्या.

घरात माणूस एक. पण नवीन घर, आपण कशाला बोला, म्हणून मी दहा पोळ्यांची कणीक भिजवली. भिजवून झाली तशा बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दहा फार होतात. दोन धर." मी जास्तीची कणीक झाकून ठेवली आणि दोन लाटल्या. दुसरी तव्यावर होती तेव्हा बाई परत आल्या. थोडा वेळ तव्याकडे बघितलं, थोडा वेळ माझ्याकडे. "चार. तुला धरलंच नव्हतं." मग हातावर हात घासून म्हणाल्या, "जुळलं. आता बदलणार नाही."

त्या दिवशी घरी जाऊन मी आमच्या ह्यांना म्हणाले, बाई चांगल्या आहेत, पण डोक्यानं थोड्या हललेल्या वाटतात. हे म्हणाले, पुण्यात शिकलेली माणसं अशीच असतात, पगार वेळेवर देतात ना, मग झालं.

बाई डोक्यानं हललेल्या नव्हत्या. पण हेच पुढं इतर लोकांना वाटेल आणि त्यावरून एवढं रामायण होईल, हे तेव्हा मला काय ठाऊक.

बाईंचं नाव वसुधा. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर आहे. त्यामुळे सोसायटीत नवीन कुणी आलं की गुडघे घेऊन येतं. बाई दार अर्धं उघडून सांगतात, "मी रसायनशास्त्राची डॉक्टर आहे. गुडघ्यात रसायन आहे, पण ते माझ्या आवाक्यातलं नाही." मग माणूस विचारतो की रसायनशास्त्र म्हणजे फरशीवरचे डाग कशानं जातात ते सांगाल का. "ते मला विचारू नका. मी आयुष्यात एक बाटली उघडलेली नाही. माझ्या औषधाचीसुद्धा मंगल उघडते."

मंगल म्हणजे मी.

हे मात्र खरं आहे. बाईंनी जन्मभर रसायनशास्त्र केलं, पण सगळं कागदावर. नळ्या नाहीत, शेगड्या नाहीत, वास नाही. त्या जिथं नोकरीला होत्या तिथं त्यांना खोली दिली ती इतरांसारखीच, बेसिनवाली आणि धूर ओढून घेणाऱ्या मोठ्या काचेच्या कपाटाची. बाईंनी त्या कपाटात पुस्तकं लावली. बेसिनमध्ये छत्री वाळत घालायच्या. भांडारवाला दरवर्षी काचेची भांडी आणून ठेवायचा, कारण रसायनवाल्यांना ती द्यायची असा नियम. बाईंनी एकात पेन्सिली ठेवल्या, एकात कोथिंबीर लावली. एकदा सुरक्षा तपासायला साहेब आले आणि म्हणाले, ॲसिड सांडलं तर काय व्यवस्था आहे? बाई म्हणाल्या, "माझं सांडलं तर खोडरबर लागतं. ते आहे."

हे मला बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्या वाढदिवसाला त्यांचे जुने विद्यार्थी येतात, त्यांनी सांगितलं. विद्यार्थी म्हणजे केस पिकलेली, टक्कल पडलेली, स्वतःच प्रोफेसर झालेली माणसं. बाहेर गाडीतून उतरताना साहेब असतात आणि बाईंसमोर आले की चप्पल काढून भिंतीला लागून उभे राहतात. त्यातल्याच एका सरांनी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं होतं, "तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही कुणाकडे काम करता? आपल्या देशात हे काम कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा बाईंनी ते सुरू केलं. आम्ही सगळे त्यांच्यामागून आलो." मी मान हलवली. हातात झारा होता आणि तेल तापलं होतं, दुसरं काय करणार.

पण ते गेल्यावर मी धीर करून बाईंना विचारलं, "तुम्ही नेमकं काय करायचात?"

बाईंनी उलट विचारलं, "तुमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं?"

"होतं की." आमचं गाव वाशिमकडे. तिथं तर घराघरात होतं.

"सतरंजी लहान आणि बायका जास्त आल्या तर काय होतं?"

म्हटलं, काय होणार, सरकून घेतात.

"एक सरकली की?"

"तिच्या शेजारची सरकते. मग तिच्या शेजारची. मग पहिलीला परत सरकावं लागतं."

"कुठवर?"

"सगळ्या नीट बसेपर्यंत."

"झालं तर," बाई म्हणाल्या. "रेणूत इलेक्ट्रॉन असतात, ते असेच बसतात. कोण कुठं बसेल ते बाकीचे कुठं बसलेत त्यावर. आणि बाकीचे कुठं बसतील ते ह्याच्यावर. मग सुरुवात कुठून करायची? कुठूनही नाही करता येत. म्हणून आधी खोटंच धरायचं, की ही इथं बसली, ती तिथं बसली. मग एकेकीला विचारायचं, बाई गं, बरी आहेस का? ती सरकते. मग परत सगळ्यांना विचारायचं. असे फेरे घ्यायचे. कुणीच हलेना झालं की ते खरं उत्तर. मी चाळीस वर्षं सतरंजीवरच्या बायका बसवल्या. फक्त बायका फार लहान होत्या."

त्या दिवसापासून मला पोळ्यांचं कोडं सुटलं. बाई पहिलं उत्तर देतात ते धरलेलं असतं. त्याच्यावर टेकून त्या दुसऱ्यावर जातात. "पहिलं उत्तर चुकीचंच असतं," असं त्या फार प्रेमानं म्हणतात, जसं आपण म्हणतो की तान्हं मूल रडतंच. किती वाजले विचारलं तर म्हणतात, "दहा." मग खिडकीतून ऊन बघतात. "साडेनऊ." मग समोरच्या घड्याळाकडे बघतात आणि खरी वेळ सांगतात. घड्याळ डोळ्यांसमोर असताना आधी का नाही बघत, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "आधीच बघितलं तर आपण किती चुकतो ते कसं कळणार?"

चहाचंही तसंच. सकाळचा चहा बाई स्वतः करतात, मला करू देत नाहीत. आधी थोडं पाणी, चिमूटभर पावडर, एक घोट. पातळ. मग पावडर. कडू. मग दूध, मग साखर, मग परत पाणी. असं करत करत चव बदलायची थांबते तेव्हा पातेलं काठोकाठ भरलेलं असतं. मग आम्ही दोघी तो पातेलंभर चहा पीत बसतो. मला आधी संकोच वाटायचा, मी ओट्यापाशी उभ्यानंच प्यायचे. बाई म्हणायच्या, "चहा दोघींचा आहे, खुर्च्या चार आहेत. तुझं कुठं अडलंय?"

त्यांनी काम सुरू केलं तेव्हा पुण्यात एवढी आकडेमोड करणारं यंत्र नव्हतं. मुंबईला जावं लागायचं. आकडे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचे आणि अशी कार्डं पेटीभर. तिथं यंत्रापाशी बसलेला माणूस विचारायचा, "कोणत्या साहेबांचं काम आणलंत?" बाई म्हणायच्या, "साहेब धरा." मग पुढं यायच्या आणि कार्डं घालायला लागायच्या. तेवढ्यात त्याचा दुसरा फेरा आपोआप व्हायचा.

एकदा पुणे स्टेशनात पेटी पडली आणि कार्डं फलाटभर झाली. दोन हमालांनी धावून सगळी गोळा केली, छान एकसारखी रचून दिली. पण क्रम गेला. बाई तिथंच ट्रंकेवर बसून दिवसभर कार्डं लावत होत्या. हमालांना वाटलं बाई पत्ते खेळतायत, एकटीच. तेव्हापासून बाईंनी गठ्ठ्याच्या कडेवर शाईनं एक तिरकी रेघ मारायला सुरुवात केली. रेघ मोडली की कळतं काहीतरी मागंपुढं झालंय. कार्डं केव्हाच गेली, सवय राहिली. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या रद्दीवर तिरकी रेघ असते, विजेच्या बिलांवर असते. रद्दीवाल्यानं मला हळूच विचारलं होतं, बाई कुठल्या पंथाच्या आहेत.

सत्कार त्यांचे खूप झाले. प्रत्येक सत्कारात शाल आणि नारळ. नारळ त्या माझ्या हातात देतात, "ह्याची चटणी." शाली मात्र संपत नाहीत. एक वॉशिंग मशीनवर आहे, एक टीव्हीवर, एक मिक्सरवर. पाहुणे म्हणतात, तुमच्याकडे यंत्रांचा फार मान ठेवतात. बाई म्हणतात, "काम तीच करतात."

लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे मी विचारलं नव्हतं, मला असलं विचारायला जमत नाही. एकदा आवळे किसत बसलो होतो तेव्हा त्यांनीच सांगितलं. "एक मुलगा बघायला आला होता. चांगला होता. मी नाही म्हटलं."

मी किसत राहिले.

"पहिलं उत्तर होतं ते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या फेऱ्याला तो आलाच नाही."

आणि नेहमीसारख्या हसल्या नाहीत. आवळ्याची बी बाजूला काढली आणि दुसरा आवळा घेतला.

बाईंना जवळचं माणूस म्हणजे एक भाची, रोहिणीताई. बहिणीची मुलगी. विश्रांतवाडीला राहतात, मोठ्या कंपनीत आहेत. मावशीवर जीव आहे त्यांचा, रोज फोन करतात. पण करतात गाडीतून, सिग्नलला थांबल्या की. "मावशी, जेवलीस का?" बाई म्हणतात, "नाही धर." दुसरं उत्तर यायच्या आत सिग्नल सुटतो. "मावशी, आज वार कोणता?" "बुधवार असावा." सिग्नल सुटला. असं बरेच महिने चाललं. बाईंच्या बाजूनं सगळं ठीक होतं. तिकडं रोहिणीताईंच्या मनात मात्र मावशी उपाशी होती आणि तिला वार कळत नव्हता.

आणि मग मंडई झाली.

भाजी बाई मंडईतूनच आणतात. मी बरोबर असते, पण त्या दिवशी गॅसवाला यायचा होता म्हणून त्या एकट्या गेल्या. मंडईत बाईंची खरेदी कशी चालते ते बघण्यासारखं असतं. एका गाळ्यावर गवारीचा भाव विचारतात. तो दुसऱ्या गाळ्यावर सांगतात. दुसरा थोडा उतरतो. तो भाव तिसऱ्याला सांगतात. असं फिरत फिरत परत पहिल्यापाशी येतात. तो म्हणतो, "आजी, मगाशी विचारलंत की." बाई म्हणतात, "मगाशी तुम्हाला शेजारचा भाव ठाऊक नव्हता." तोही उतरतो. मग पुढचा फेरा. कुणीच बदलेना झालं की बाई म्हणतात, "हा खरा भाव," आणि पावशेर गवार घेतात. जुने गाळेवाले त्यांना ओळखतात. काहीजण तर लांबूनच शेवटचा भाव सांगून टाकतात.

पण त्या दिवशी एका गाळ्यावर नवी बाई होती. तिनं बघितलं, एक म्हातारी त्याच त्याच वाटेनं गोल फिरतेय आणि तेच तेच विचारतेय. बिचारीला वाईट वाटलं. तिनं बाईंना उपड्या क्रेटवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या पर्समधला फोन घेऊन शेवटचा नंबर लावला. "तुमच्या आजी मंडईत हरवल्यात."

रोहिणीताई ऑफिस सोडून निघाल्या. सगळं शहर ओलांडून आल्या तेव्हा बाई क्रेटवर बसून त्या भाजीवालीला सुरणाची खाज कशानं येते ते समजावत होत्या. रोहिणीताईंनी त्यांच्यासमोर उकिडवं बसून, हात हातात घेऊन विचारलं, "मावशी, आपलं घर कुठं आहे गं?"

"नदीच्या पलीकडं धर," बाई म्हणाल्या.

रोहिणीताई तिथंच रडायला लागल्या. समोरचं माणूस रडत असताना बाईंना पुढचं बोलता येत नाही. त्यामुळे दुसरं उत्तर राहूनच गेलं.

घरी आल्यावर रोहिणीताईंनी मला बाजूला घेतलं. "मंगलताई, मावशी किती दिवस असं करतेय? तुम्ही मला सांगायचं ना." मी म्हटलं, त्या पहिल्यापासून अशाच आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस." आणि आणखी रडल्या. मला बोलायचं एक असतं आणि बाहेर पडतं दुसरं, हे माझं नेहमीचंच.

त्यांचीही अडचण होती. मुलीचं बाळंतपण परदेशात, सहा महिने जायचं. मावशीला एकटं कसं ठेवणार? शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा त्यांनी बघून ठेवली. बाग होती, नर्स होत्या, जेवण होतं. डॉक्टरांनी तपासून स्मरण जातंय असं सांगितलं की खोली पक्की करायची.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर म्हणाले तर जाईन," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी नीट विचारायला हवं."

तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी निघायला पिशवी उचलली. बाई खिडकीपाशी होत्या.

"ती जागा तुमच्या वारज्याहून लांब आहे का गं?"

"लांब आहे बाई. बस बदलून जावं लागतं."

"मग तू येशील?"

"येईन की," मी म्हणाले.

बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मला कळलं, त्या माझ्या दुसऱ्या उत्तरासाठी थांबल्यात. मला माहीत होतं की येणं जमणार नाही. घर आहे, पोरींच्या शाळा आहेत, दुसरी दोन कामं आहेत. मी खाली बघत पिशवीचा बंद पिळत राहिले. थोड्या वेळानं बाईच म्हणाल्या, "असू दे. पहिलं छान होतं."

दुसऱ्या दिवशी रिक्षानं गेलो. रोहिणीताई एका बाजूला, बाई मध्ये आणि मी दाराशी, अर्धी सीटवर, एक पाय बाहेर. माझं बसणं नेहमी असंच. कुणाला अडचण नको.

डॉक्टर तरुण होते आणि स्वभावानं चांगले होते. पण बाहेर बाकावर माणसं भरली होती आणि त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. रोहिणीताई खुर्चीवर बसल्या. मी दाराजवळ पिशवी धरून उभी राहिले.

"आजी, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. मग विचारीन. चावी, पेरू, पूल. आता सांगा, आज वार कोणता?"

"आठवड्याच्या मधला कुठला तरी. गुरुवार धरा."

मंगळवार होता. डॉक्टरांनी खूण केली.

"महिना?"

"थंडी संपलीय. फेब्रुवारी धरा."

मार्च लागला होता. खूण.

"शंभरातून सात गेले तर?"

"नव्वदच्या वर धरा."

"त्यातून सात?"

"ऐंशीच्या वर."

बाई मजेत होत्या. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी नीट ओळीनं प्रश्न विचारत होतं. त्यांना वाटत होतं पाया घालून चाललाय, आता खरं काम सुरू होईल. मला वरून दिसत होतं, कागदावर एकामागून एक खुणा पडत होत्या.

"मगाशी शब्द सांगितले होते, आठवतात?"

"एक फळ होतं. आंबा धरा."

"बरं. घरी कोण कोण असतं, आजी?"

"मी."

"एकट्याच?"

"एकटीच धरा."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

मी तोंड उघडलं. साहेब, परत विचारा, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, रोहिणीताईंनी बघितलं. माझ्या तोंडून आलं, "बाईंना पाणी देऊ का?"

"द्या," डॉक्टर म्हणाले आणि रोहिणीताईंकडे वळून इंग्रजीत हळू आवाजात बोलायला लागले. सगळं मला कळलं नाही. पण एकटं ठेवू नका एवढं इंग्रजी कुणालाही कळतं. रोहिणीताईंनी रुमाल काढला. मी बाटलीचं झाकण उघडायला गेले, ते काही उघडेना.

बाईंनी बाटली माझ्या हातून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"झाला का पहिला फेरा?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर थांबले. "कसला फेरा, आजी?"

"अहो, तुम्ही पेन बंद केलंत. मला वाटलं शाई वाचवताय. एकदाच विचारून कुणी उत्तर लिहितं का? माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्याला मी वर्षभर रद्दीवर रेघा मारायला बसवलं असतं." मग त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "चला. मंगळवार. मार्च. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. पुढं जाऊ का थांबू? चावी, पेरू, पूल. आंबा चुकला, तो तुमच्या कॅलेंडरवरच्या चित्रानं माझ्या डोक्यात घातला. वार तिथंच लिहिलाय, पण मी आधी बघत नाही. आणि मला आजी म्हणालात ते असू दे, पण मला नातू नाही."

डॉक्टरांनी कागद बघितला. बाईंकडे बघितलं. पेनाचं टोपण काढलं. मग कसं कोण जाणे, पण त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या नेहमीच असं करतात?"

"चहाला पण," मी म्हणाले.

माझ्या आवाजानं मीच दचकले. पण डॉक्टर हसायला लागले, चांगले मोठ्यानं, आणि बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. रोहिणीताईंच्या रुमालातून आधी हुंदका आला आणि मागून हसू. "मावशी, म्हणजे त्या दिवशी मंडईत..."

"त्या दिवशी गवारीचा शेवटचा फेरा राहिला होता. तू आलीस आणि ती बया चढा भाव घेऊन बसली."

"आणि घर? नदीच्या पलीकडं म्हणालीस."

"पुण्यात प्रत्येकाचं घर नदीच्या कुठल्या तरी पलीकडंच असतं. तिथून पुढं सांगणार होते, तर तू रडायला लागलीस."

डॉक्टर खुणा खोडत होते. एकेक उत्तर नव्यानं लिहिलं. मग म्हणाले, "एक राहिलं बघा. घरी कोण असतं, ते."

बाकी सगळं बाईंनी धडाधड सांगितलं होतं. ह्याला मात्र वेळ घेतला. पोळ्यांच्या दिवशी तव्याकडे बघितलं होतं तसं आधी टेबलाकडे बघितलं. मग दाराकडे, माझ्या हातातल्या पिशवीकडे.

"मी आणि मंगल," बाई म्हणाल्या.

रोहिणीताई हळूच म्हणाल्या, "अगं मावशी, मंगलताई संध्याकाळी घरी जातात. वारज्याला राहतात त्या."

"कुठं राहते ते मला ठाऊक आहे."

डॉक्टर पेन धरून थांबले होते. "मग कुठलं लिहू, बाई? तसं बघितलं तर तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं." आजीचं बाई कधी झालं ते त्यांनाही कळलं नसावं.

"पहिलं धरलेलं होतं," बाई म्हणाल्या. "शेवटचं लिहा. तिसरा फेरा घेतलात तरी हेच येईल."

डॉक्टरांनी लिहिलं. मी भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचत होते. वरची मोठी अक्षरंसुद्धा नीट दिसत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा रोहिणीताईंनी जिन्यातच फोन लावून खोली नको म्हणून सांगितलं. पायऱ्या उतरताना एवढा मोठा श्वास सोडला की बाई म्हणाल्या, "बाळंतीण तू नाहीस, तुझी मुलगी आहे." मग ठरलं की रोहिणीताई तिकडं असतील तेवढे महिने मी माझं एक काम सोडून बाईंकडे दिवसभर थांबायचं, आणि रोहिणीताईंनी फोन गाडीतून करायचा नाही. निदान दुसऱ्या उत्तरापर्यंत थांबायचं.

रिक्षा मिळाली. रोहिणीताई चढल्या, बाई मध्ये बसल्या आणि मी दाराशी, अर्धी सीटवर, एक पाय बाहेर. रिक्षावाल्यानं मीटर पाडलं.

"थांबा हो जरा," बाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नीट बस."

"बसले बाई."

"पाय बाहेर आहे तुझा. नीट बस."

मी पाय आत घेतला. बाईंना सरकावं लागलं. बाई सरकल्या तशा रोहिणीताई सरकल्या. रोहिणीताईंची पर्स मध्ये आली, ती त्यांनी मांडीवर घेतली. मग बाई थोड्या मागं टेकल्या, म्हणून मी पुढं झाले, म्हणून बाईंनी पिशवी माझ्या हातून काढून स्वतःच्या पायाशी ठेवली आणि मला मागं ओढलं. रोहिणीताई परत एकदा सरकल्या.

"निघू का आजी?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

बाईंनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. त्यांचा दंड माझ्या दंडाला टेकला होता. कुणी हलत नव्हतं.

"आता निघा," त्या म्हणाल्या.